नाणेघाटाची जकात आणि धसईचा पाऊस

जुलैतल्या सकाळी धसईच्या नाक्यावर चहा घेत पूर्वेकडे पाहिलं, तर डोंगर अर्धाच दिसतो. गोरखगडाचा सुळका, त्याच्या शेजारचा मच्छिंद्र, मागची घाटमाथ्याची लांबलचक भिंत, सगळं एका ठरावीक उंचीवर नाहीसं झालेलं. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसावं तसं. त्या रेघेखालचा कडा हिरवागार, धबधब्यांच्या पांढऱ्या दोऱ्यांसकट स्वच्छ दिसतो. वर काही नाही. "वर धरलंय, आज काय सुटका नाही," चहावाला ग्लास विसळता विसळता म्हणतो. त्यानं मोबाइल पाहिलेला नसतो. ढगाची रेघ कुठवर उतरली आहे, तेवढंच पाहिलेलं असतं.

ती रेघ इतकी सरळ का, आणि त्याच उंचीवर का, हे नीट कळलं तर पाऊस कसा तयार होतो ते बरंचसं कळलं म्हणायचं. धसईचा पाऊस आकाशातून येतो हे खरं, पण तो घडतो डोंगरामुळे.

मुरबाड तालुक्यातलं धसई हे आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांचं बाजाराचं गाव. गोरखगडाला जाणारे ट्रेकर इथंच उतरून देहरीची जीप शोधतात. २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत झळकलं होतं. दुकानांत कार्डाची यंत्रं आली; पाऊस मात्र अजून रोखीनंच व्यवहार करतो, आणि उधारी अजिबात ठेवत नाही.

हा वारा निघतो फार लांबून. मादागास्करच्या पूर्वेला, मस्कारेन बेटांच्या आसपास, आपल्या उन्हाळ्यात (तिकडच्या हिवाळ्यात) हवेचा दाब जास्त असतो. इकडे राजस्थान-सिंधची जमीन मे महिन्यात तापून तिथं दाब उतरलेला असतो. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून आपल्याकडे नैर्ऋत्येचा होऊन येतो. सोमालियाजवळच्या या वेगवान झोताचा नकाशा १९६०च्या दशकात जॉन फिंडलेटर यांनी नीट मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. हजारो किलोमीटर समुद्रावरून येताना हा वारा बाष्पानं भरतो. किनाऱ्यापासून धसई सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटर. ताशी ३५ किलोमीटरच्या वाऱ्याला दोन तासांची वाट.

दोन तासांनंतर समोर सह्याद्री उभा राहतो, आणि वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

वर चढलेली हवा थंड का होते? सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं. हवा दाबली की तापते. याच्या उलट, फुगलेल्या ट्यूबची तोटी उघडली की सुटणारी हवा गार लागते, कारण ती प्रसरण पावते. उंचीवर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते आणि गार होते. कुणी तिची उष्णता काढून घ्यावी लागत नाही. ढग न झालेली हवा दर १०० मीटर चढाला साधारण १ अंशानं थंड होते. आता धरून चाला की समुद्रावरची हवा २८ अंशांची आहे आणि २५ अंशांवर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार. तीन अंश उतरायला ३०० मीटर पुरेसे वाटतील. पण चढताना बाष्पही विरळ होत जातं, त्यामुळे तो २५चा आकडाही जरा खाली सरकतो आणि प्रत्यक्षात पावणेचारशे मीटर लागतात. सगळी हवा एकाच समुद्रावरून, जवळपास सारख्याच ओलीनिशी आलेली असते. म्हणून सगळीकडे ढग एकाच उंचीवर सुरू होतो. चहावाल्याची रेघ ती हीच. हवा जितकी ओली, तितकी रेघ खाली. ती कड्याच्या पायथ्याशी आली, तर सुटका नाही हे त्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे.

किती पाऊस पडेल, याचा ढोबळ हिशेब आपण कागदावर मांडू शकतो. एक किलोमीटर जाडीचा वाऱ्याचा थर सेकंदाला १० मीटर वेगानं भिंतीवर येतो आहे. भिंतीच्या फक्त एक मीटर रुंदीपुरतं पाहिलं, तर सेकंदाला १०,००० घनमीटर हवा वर ढकलली जाते. हजार-बाराशे मीटरचा माथा गाठेपर्यंत दर घनमीटरमागे दोनेक ग्रॅम बाष्पाचं पाणी होतं. म्हणजे सेकंदाला २० लिटर, तासाला ७२,००० लिटर. हे पाणी पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या १० किलोमीटर पट्ट्यात पसरलं, तर प्रत्येक चौरस मीटरवर तासाला सात लिटर पडतात. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. तासाला सात, दिवसभर वारा तसाच राहिला तर १७० मिलिमीटर. सगळं पाणी खाली पडत नाही, वाऱ्याचा थर कधी याहून जाड असतो, वेग कमीजास्त होतो. तरीही घाटातल्या जोरदार पावसाच्या दिवसाचा आकडा साधारण इथंच येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

धसईच्या उत्तरेला, वैशाखऱ्याच्या वर, नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही आहे. व्यापाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या घाटात वारा पाण्याची जकात भरत आला आहे. पावसाळ्यात तिथं जो 'उलटा धबधबा' पाहायला गर्दी होते, तो दुसरं काय आहे? कड्यावरून पडणारं पाणी खाली पोचायच्या आत वारा त्याला उचलून माथ्यावर परत फेकतो. भिंतीवर आपटून वर जाणारी हवा एरवी डोळ्यांना दिसत नाही. नाणेघाटात ती पाण्याच्या रूपानं दिसते.

ढग झाला म्हणजे पाऊस झाला असं नाही. ढगातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, हवेत तरंगणारा. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे कण या थेंबांचं बीज होतात. मोठे थेंब लहानांना गाठत, गिळत खाली येतात. आषाढातले घाटावरचे ढग फार उंच नसतात. बर्फ होण्याची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असते आणि तिथवर त्यांतले बरेच पोचतच नाहीत. वीज चमकायला ढगात बर्फाचे कण घासावे लागतात. म्हणून ऐन जुलैत दिवसेंदिवस धो धो पडूनही आभाळ फारसं गडगडत नाही. गडगडाट असतो मृगाच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात, जेव्हा तापलेल्या जमिनीवरून ढग उंच मनोऱ्यासारखे चढतात. शेतात वीज पडून माणसं-गुरं दगावतात ती बहुतेक याच दोन वेळांना.

शाळेच्या भूगोलात 'प्रतिरोध पाऊस' शिकवताना जी आकृती काढतात, ती मला कधीच पटली नाही. त्यात डोंगर म्हणजे दोन्ही बाजूंनी उताराचा त्रिकोण. वारा एकीकडून चढतो, दुसरीकडून उतरतो. आपला सह्याद्री तसा नाही. तो जिन्याची एकच उंच पायरी आहे. धसईकडून हजार मीटरची भिंत, आणि वर गेल्यावर जुन्नरचं पठार समुद्रसपाटीपासून जवळपास सातशे मीटरवर पसरलेलं. तिकडे हवा थोडी उतरते, थोडी तापते. पण मुख्य गोष्ट ही की आता तिला चढायचं कारण उरलेलं नसतं, आणि बरीचशी जकात भरून झालेली असते. मुरबाडला वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस. याच डोंगररांगांतलं माथेरान पाच हजारांच्या घरात. घाट चढून माळशेजमार्गे आळेफाट्याला उतरलं की हजाराचाही पल्ला गाठला जात नाही, आणि पुढे पारनेर-शिरूरकडे पाचशेच्या आसपासच. एसटीच्या काही तासांच्या प्रवासात पाऊस पाचपटीनं आटतो.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे. त्यात गोदावरीकाठच्या अश्मकाला सर्वांत कमी आकडा आहे. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, आकडाच दिलेला नाही. तिथला पाऊस अमाप म्हटला आहे.

या फरकावर माणसाचं सगळं राहणीमान बेतलेलं आहे. खाली उतरत्या छपरांची कौलारू घरं, कारवीच्या कुडाच्या भिंती, पावसाच्या बाजूनं लावलेली झडपं. वर देशावर मातीच्या सपाट धाब्याची जुनी घरं. खाली तांदळाची आणि नागलीची भाकरी, वर बाजरीची. खाली वैशाखातच सुकट, बोंबील, लाकूडफाटा अशी चार महिन्यांची बेगमी करायची. वर वैशाखात पाण्याची विवंचना. झाडंही तशीच. धसईच्या रानात साग, ऐन, मोह, पळस, म्हणजे उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवणारी झाडं. घाटमाथ्यावर आहुपे-भीमाशंकरकडे सदाहरित रान आणि त्यात शेकरू. पूर्वेला आणखी गेलं की बाभूळ आणि बोर.

पाऊस किती पडतो यासारखंच तो कधी येतो यावरही इथलं जगणं चालतं. वलगण, म्हणजे माशांची चढण, मी पहिल्यांदा पाहिली ती जूनमधल्या एका संध्याकाळी. पहिला मोठा पाऊस होऊन ओहोळ गढूळ पाण्यानं वाहू लागले होते, आणि नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, शेतांच्या बांधांपर्यंत चढत होते. टॉर्च, पाग, टोपल्या घेऊन अख्खी वाडी पाण्यात उतरलेली. त्याच सुमारास रानात शेवळं उगवतात. जमिनीतून वर आलेला तांबूस-जांभळा कोंब, आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा. ठाकर-कातकरी बाया त्याच्या जुड्या बाजारात आणतात आणि सोबत काकडाची फळंही विकतात, कारण काकड घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. माशाला आणि शेवळाच्या कंदाला पंचांग कुणी वाचून दाखवत नाही. पाणी, गारवा, जमिनीची ओल यांवर त्यांचं चालतं.

माणसाला मात्र पंचांग लागतं. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, मघा, हस्त हे पावसाचे टप्पे म्हणजे सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे त्याचा हिशेब. सूर्य ७-८ जूनला मृगात जातो आणि मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस यायची वेधशाळेची सरासरी तारीख ११ जून. मेळ झकास बसतो. यात एक गंमत आहे. ऋतू ठरतात पृथ्वीचा आस सूर्याकडे किती कलला आहे त्यावरून, नक्षत्रं ताऱ्यांवरून. आसाची दिशा हळूहळू फिरत असल्यानं ही दोन कॅलेंडरं दर सत्तरएक वर्षांना एक दिवसानं एकमेकांपासून सरकतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ऋतूंच्या मानानं मृग आजच्यापेक्षा पाचएक दिवस आधी लागत असे. म्हणजे "हल्ली मृग कोरडा जातो" या तक्रारीचं खापर नक्षत्रांवर फोडता येणार नाही. ती झालीच तर पावसाच्या बाजूला झुकली आहेत.

भातशेती तर पूर्ण या वेळापत्रकावर उभी आहे. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, टहाळ्या रचून राब भाजायचा. त्यानं तणाचं बी जळतं आणि राख मिळते. मृगाच्या आगेमागे त्यात पेरायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपांच्या मुठी काढून चिखल केलेल्या खाचरात आवणी करायची. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या शेतात हळवं भात, सखल, पाणी धरून राहणाऱ्या खाचरात गरवं, मधल्यात निमगरवं. पाऊस लवकर उठला तर हळवं हाती लागतं, लांबला तर गरवं भरतं. विम्याची कल्पना या भागात विमा कंपन्यांच्या फार आधीची आहे.

आता त्या वेळापत्रकालाच धक्के बसत आहेत. एखाद्या दिवसाची हवा आणि तीस-चाळीस वर्षांचं हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ओल्या जूनवरून काही सिद्ध होत नाही. तरी आकडे बोलतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे चढउतार आहेत. कारण सोपं आहे: हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग दोन पावसांमधली उघडीप लांबते आणि पाऊस आला की कोसळतो. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात पाठोपाठ आली आणि कापून ठेवलेलं भात राज्यभर शेतातच भिजलं, लोंब्यांना मोड आले. २०२५मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत लवकर. बऱ्याच शेतकऱ्यांना पेरणीपूर्व कामं आवरायला सवडच मिळाली नाही.

आणि इतकं पाणी पडून होळीनंतर याच भागात हंडे घेऊन बायका कोसभर चालतात. याचं कारण डोंगर ज्या दगडाचा आहे तो दगड. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा कातळ. भेगा सोडल्या तर तो पाणी पीत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. चार महिन्यांचं पाणी काळू-भातसामार्गे उल्हासला आणि उल्हासेतून खाडीला, जिथून आलं तिथं परत जातं. वाटेत जे अडतं त्याचा मोठा वाटा शहरांना जातो. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२चं. भातसा एकटं मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवतं. त्याच शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. डोंगरानं वाऱ्याकडून वसूल केलेली जकात डोंगराच्या पायथ्याशी राहत नाही, यात निसर्गाचा भाग आहे तसा आपल्या वाटणीचाही आहे, आणि दुसरा भाग दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

त्यासाठी आधी किती पडतं हे माहीत हवं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. सपाट मुंबईत हे अंतर, तर भिंतीला टेकलेल्या तालुक्यात मुरबाडच्या पर्जन्यमापकावरून देहरीचा पाऊस कसा कळावा? नुकसानीचे पंचनामे, अतिवृष्टीचे निकष, विम्याचे दावे मात्र आकड्यांवरच चालतात.

धसईच्या, देहरीच्या, टोकावड्याच्या वाचकांना म्हणून एक विनंती. पुढच्या मृगाला अंगणात, झाडा-छपरापासून लांब, सरळ भिंतीचा फूटभर उंच डबा ठेवा. तोंड केवढंही असलं तरी चालतं. वर-खाली सारखं असलं म्हणजे झालं. वाऱ्यानं पडू नये म्हणून बाहेरून दगड लावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, कारण वेधशाळाही त्याच वेळेला मोजते. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. साडेसहा सेंटिमीटरला जोरदार पाऊस म्हणतात, साडेवीसच्या वर गेलं तर अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी. आकडा वहीत लिहा, पाणी ओतून द्या, डबा परत ठेवा. शाळेनं हे काम सहावी-सातवीच्या पोरांकडे दिलं, तर दहा वर्षांत त्या गावाकडे अशी वही असेल जी आज कुठल्याच कचेरीत नाही.

आणि त्या आकड्याशेजारी ढगाची रेघ गोरखगडाच्या कुठल्या टप्प्यावर होती, तेही लिहून ठेवा.